आश्लेषा की मघा? जन्मनक्षत्रावरून मागचा जन्म वाचता येतो का

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. तुम्ही राजापूर तालुक्यातल्या, वय २९. स्थळं येतात, पत्रिका मागतात आणि मग गप्प होतात. कारण मोबाइलवरच्या ॲपमध्ये तुमचं नक्षत्र आश्लेषा, चौथं चरण येतं आणि 'आश्लेषाची मुलगी सासूला वाईट' हे सगळ्यांना पाठ आहे. तुम्ही नऊ वर्षांच्या असताना वडील गेले, तेव्हापासून घरातच कुणीतरी 'चौथं चरण बापावर असतं' असं बोलून ठेवलंय. आता एका गुरुजींनी कर्मविपाकाचा हवाला देऊन सांगितलं, की मागच्या जन्मी तुमच्या हातून सर्पहत्या झाली, त्याचा शाप आहे, नागबळी केल्याशिवाय लग्न जमायचं नाही. त्यासाठी आई कर्ज काढायला निघाली आहे. आणि त्यात आजोबांनी केलेल्या जुन्या पत्रिकेत नक्षत्र मघा लिहिलेलं सापडलं. तुम्हाला विचारायचंय ते एवढंच, की मागच्या जन्माचं कर्म जन्मनक्षत्रावरून खरंच कळतं का, आणि कळत असेल तर तुमचं खरं नक्षत्र कुठलं.

आधी उत्तर सांगतो, कारणं मग. मागच्या जन्मी तुम्ही काय केलंत हे जन्मनक्षत्रावरून कळत नाही. नक्षत्रावरून दशा निघते, म्हणजे या जन्माच्या वाट्याला जे आलंय ते कुठल्या क्रमाने पुढ्यात येईल याचा अंदाज बांधता येतो. त्यापलीकडे जे सांगितलं जातं ती पोथीतली कथा असते, तुमच्या पत्रिकेत ती नसते. नागबळीसाठी कर्ज काढू नका. आईंना आजच थांबवा.

मी गुहागरच्या बाजूला हे काम करतो, वडिलांकडून आलेलं. ज्योतिष मानणारा माणूस आहे, त्यामुळे पुढचं सगळं परंपरेच्या आतून बोलतोय हे लक्षात ठेवा. ज्यांचा यावर विश्वास नाही त्यांचीही एक बाजू आहे, तिच्याकडे शेवटाकडे येतो.

कर्माचे आपल्याकडे तीन भाग मानतात. साठलेलं सगळं ते संचित, त्यातलं या जन्मापुरतं फळाला आलेलं ते प्रारब्ध, आणि आज आपण जे करतोय ते क्रियमाण. ज्योतिषाचा संबंध मधल्याशी. वराहमिहिराने लघुजातकाच्या सुरुवातीलाच ही हद्द आखून दिली आहे: 'यदुपचितमन्यजन्मनि शुभाशुभं तस्य कर्मणः पक्तिम्। व्यञ्जयति शास्त्रमेतत् तमसि द्रव्याणि दीप इव॥' अन्य जन्मी जे बरंवाईट साठवलं त्याचं पिकलेलं फळ हे शास्त्र उघड करतं, अंधारातल्या वस्तू दिवा उघड करतो तसं. गुरुजी लोक हा श्लोक पूर्वजन्माचा पुरावा म्हणून फेकतात. नीट वाचलात तर तो उलट आहे. दिवा फडताळात काय ठेवलंय ते दाखवेल. ते कुणी, कधी आणि का आणून ठेवलं हे तो सांगणार नाही.

मागचा जन्म कळण्याची वाट परंपरेत नाहीच असं नव्हे. पतंजलींच्या योगसूत्रात, विभूतिपादात, संस्कारांचा साक्षात्कार झाला की पूर्वजन्माचं ज्ञान होतं असं म्हटलंय. ती योग्याची वाट. तिथे पंचांग लागत नाही, आणि पंचांग हातात आहे म्हणून ती वाट सापडलीच असंही होत नाही.

मग कर्मविपाकात आहे तरी काय? कर्मविपाकसंहिता नावाचा ग्रंथ आहे, शंकर पार्वतीला सांगतात अशा रचनेचा. सत्तावीस नक्षत्रांची चार-चार चरणं, म्हणजे १०८, आणि प्रत्येक चरणाला एक कथा. अमुक ठिकाणी अमुक माणूस होता, त्याच्या हातून हे पाप झालं, मेल्यावर नरक, मग पशूचा जन्म, मग पुन्हा माणसाचा. म्हणून आता संतती होत नाही किंवा शरीरात व्याधी आहे. उपाय म्हणून गायत्रीचा जप करावा, हरिवंश ऐकावा, दान करावं. मी ही पोथी टाकाऊ मानत नाही. पाप आणि प्रायश्चित्त लोकांच्या मनावर ठसावं म्हणून रचलेला तो उपदेश आहे आणि तसा वाचला तर त्यात अर्थ आहे. पण चंद्र एका चरणात साधारण सहा तास असतो. त्या सहा तासांत जगभर हजारो मुलं जन्मतात. त्या सगळ्यांनी मागच्या जन्मी एकाच गावात एकच पाप केलं, असं म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

सर्पहत्येबद्दल एक अवांतर. राजापूरच्या कातळावर राहणारं आणि ज्याने कधी फुरसं मारलं नाही असं घर मला दाखवा. त्या प्रत्येक काठीच्या फटक्याला एक आश्लेषा जन्म द्यायचा झाला तर पुढची कित्येक वर्षं चंद्राला त्या नक्षत्रातून हलता यायचं नाही.

आता तुमच्या प्रकरणातली खरी मेख. आजोबा चुकले नाहीत आणि ॲपही चुकलेलं नाही. पंचांगं दोन आहेत.

राशिचक्राचा आरंभबिंदू कुठे धरायचा यावर आपल्याकडे जुना वाद आहे. चित्रा तारा बरोबर समोर १८० अंशांवर धरून मोजणारा तो चित्रापक्ष. रेवतीतल्या झीटा पीशियम या ताऱ्यापासून मोजणारा तो रेवतीपक्ष. लोकमान्य टिळक या पक्षाचे, म्हणून त्याचं पंचांग टिळक पंचांग म्हणून ओळखलं जातं. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात चित्रापक्षाची बाजू उचलली. आज दाते पंचांग, कालनिर्णय आणि बहुतेक सगळी ॲप त्याच मोजणीवर चालतात. रत्नागिरी जिल्ह्यात मात्र टिळक पंचांग मानणारी घरं अजून आहेत. अधिक महिन्याचा घोळ झाला की काही वर्षी त्यांच्याकडे गणपती महिनाभर आधी बसतो, हे तुम्ही वाडीत पाहिलंच असेल. तुमचे आजोबा त्या घरातले.

दोन्हींतला फरक जवळजवळ चार अंशांचा आहे. एक अंश साठ कलांचा, एक चरण तीन अंश वीस कलांचं, म्हणजे फरक एका चरणापेक्षा जास्त. ॲपमध्ये तुमचा चंद्र कर्केच्या २७ अंशांवर आहे असं तुम्ही लिहिलंय. त्यात तीन अंश ५८ कला मिळवा. कर्क संपते आणि चंद्र सिंहेत ५८ कलांवर जातो. तेच मघेचं पहिलं चरण. आजोबांच्या कागदावर 'केतु महादशा भोग्य वर्षे ६ मास ६' असं आहे म्हणालात. भोग्य म्हणजे जन्माच्या वेळी शिल्लक. मघेवरच्या जन्माची पहिली दशा केतूची, आश्लेषावरच्या जन्माची बुधाची. मी ताडून पाहिलं. मघेच्या ८०० कलांपैकी ७४२ शिल्लक, केतूची वर्षं सात. गुणाकार-भागाकार केला की साडेसहा वर्षांच्या काठाला येतं. आजोबांचं गणित चोख आहे. ॲपवर बुधाची तीन वर्षं दहा महिने शिल्लक दाखवतात, तेही त्याच्या मोजणीने बरोबर.

म्हणजे आकाशात चंद्र एकच, जन्म एकच, आणि कर्मविपाक उघडला तर तुमचे मागचे जन्म दोन! आश्लेषा धरलं तर एक पाप, मघा धरलं तर निराळं. आश्लेषाची देवता सर्प म्हणून तुम्हाला सर्पहत्या मिळाली. मघेची देवता पितर. आजोबांची पत्रिका पुढे ठेवली असती तर, वडील लवकर गेलेत म्हटल्यावर, पितृदोष मिळाला असता आणि दुसऱ्या विधीची यादी आली असती. गुणमेलनातली योनी बघा: आश्लेषाला मांजर, मघेला उंदीर. एकाच मुलीला कुठल्या भिंतीवर कुठलं पंचांग टांगलंय त्यावर मांजर किंवा उंदीर व्हावं लागतं.

हे थट्टेने म्हणतोय, पण आपल्या किनाऱ्यावर गणिताकडे असं बघण्याची रीत नव्हती. मुरुड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावात बसून गणेश दैवज्ञाने १५२० च्या सुमारास ग्रहलाघव लिहिलं आणि त्यावरून पुढे शतकानुशतकं पंचांगं झाली. दापोलीजवळच्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित. त्यांनी १८९६ मध्ये भारतीय ज्योतिषाचा इतिहास लिहिला तो असाच कलाविकलांचा हिशेब मागणारा. ही माणसं कलेकलेवरून भांडली. आता ॲपची पहिली ओळ वाचून कुणी तुम्हाला मागच्या जन्मीची खुनी ठरवतं आणि कुठलं अयनांश, म्हणजे राशिचक्राच्या आरंभाची कुठली मोजणी, घेतलंय एवढंही विचारत नाही.

मग मी काय करतो? अशी सीमेवरची पत्रिका आली की दोन्ही मोजणीने मांडतो आणि घडलेल्या गोष्टी विचारतो. दशा इथे उपयोगी पडते. विंशोत्तरी दशा १२० वर्षांची, आणि ती कुठून सुरू होणार हे जन्मनक्षत्र ठरवतं. आश्लेषा धरून तुम्हाला आधी बुध, मग केतू, तुमच्या दहा वर्षं दहा महिन्यांपासून शुक्र, तो तीस वर्षं दहा महिन्यांपर्यंत. मघा धरून साडेसहा वर्षांपासून शुक्र, साडेसव्वीसपासून रवी. वडील गेले तेव्हा पहिल्या मोजणीने केतूत शनी, म्हणजे केतूच्या मोठ्या दशेत शनीची पोटदशा येते, दुसऱ्या मोजणीने शुक्रात शुक्रच. आयुष्य उलटंपालटं होणाऱ्या वयाला केतू-शनी जास्त शोभतो, असं कुठलाही ज्योतिषी म्हणेल, आणि माझाही कल तिकडेच आहे. पण एका घटनेवर मी शिक्का मारत नाही. तुमचं पत्रिकेतलं लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली रास, कुठली ते कळल्याशिवाय शुक्र तुम्हाला कोण लागतो हेच सांगता येत नाही; काही लग्नांना शुक्रच मारक असतो.

इथे जन्मवेळेचा प्रश्न येतो. तुम्ही लिहिलंय, 'सकाळी साडेसहा किंवा साडेसात, आईला आठवत नाही'. चंद्र तासाला अर्ध्या अंशाहून थोडा जास्त सरकतो, त्यामुळे तासाभराच्या चुकीने बुधाची शिल्लक दशा आठ-साडेआठ महिन्यांनी बदलते. लग्नरास दोन तासांत बदलते, म्हणून तासाचा फरक तिथे जास्त दुखतो. पण उत्तर तुमच्याच घरात आहे. आजोबांच्या पत्रिकेत, हळदकुंकवाच्या बोटांखाली, 'सूर्योदयात् गत घटी १ पळे १५' असं तुम्हीच फोटोत दाखवलंय. एक घटी चोवीस मिनिटांची, पंधरा पळं म्हणजे सहा मिनिटं. सूर्योदयानंतर अर्ध्या तासाने जन्म. तुमचा जन्म डिसेंबरातला, तेव्हा आपल्याकडे सूर्य सातच्या आसपास उगवतो. म्हणजे साडेसात. त्या काळी घरात घड्याळ बघून लगेच टिपण करून ठेवणारा माणूस होता, हे तुमचं नशीब. साडेसहाला सूर्योदयच झालेला नव्हता, तेव्हा ती वेळ सोडून द्या. दवाखान्यात जन्म झाला असेल तर तिथली नोंद मिळते का तेही बघा, म्हणजे दोन्ही जुळवता येईल.

सर्पशापाबद्दल. गुरुजींनी दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्यात. पाराशरी होरा या ज्योतिषाच्या जुन्या ग्रंथात पूर्वजन्मीच्या शापांचा अध्याय आहे. सर्पशाप, पितृशाप, मातृशाप वगैरे. पण तो सगळा संततीबद्दल आहे, विवाहाबद्दल नाही. आणि त्यातले योग ग्रहांवरून बघायचे असतात: पंचमात, म्हणजे पत्रिकेच्या पाचव्या स्थानात, राहू, त्यावर मंगळाची दृष्टी, त्या स्थानाचा स्वामी कुठे, गुरू कसा. जन्मनक्षत्र आश्लेषा आहे म्हणून सर्पशाप, असं तिथे नाही. पूर्वपुण्याईचा विचार करायचाच तर पंचम आणि नवम स्थान, त्यांचे स्वामी, गुरू, केतू यांच्याकडे बघतात, आणि ते बघूनही मी जास्तीत जास्त असं म्हणतो की या बाबतीत सुरुवातीला अडेल, किंवा या बाबतीत न मागता मिळेल. गोष्ट रचत नाही. गोष्ट रचली की माणसाला ती आयुष्यभर पुरते. दशा बदलली तरी ती बदलत नाही.

वडिलांविषयी लिहिताना मला जपून लिहायला हवं, पण लिहितोच. गंडांताची, म्हणजे अशुभ मानलेल्या नक्षत्रसांध्यांची, चरणफळं पोथ्यांत आहेत. मुळाचं पहिलं चरण वडिलांना, दुसरं आईला, तिसरं धनाला, चौथं शुभ; आश्लेषाला हाच क्रम उलटा, म्हणून तुमच्या चौथ्या चरणावर वडील येतात. कुणीतरी हे खरोखरच वाचून बोललं असेल. त्याच पोथ्यांत त्यावर जननशांती सांगितलीय आणि शांती झाली की तो विषय संपला असंच परंपरा मानते. आश्लेषा आणि मघेचं पहिलं चरण, दोन्हींना शांती आहे. एवढं नेटकं टिपण करणाऱ्या आजोबांनी ती केली नसेल असं मला वाटत नाही. आईंना विचारा, बाराव्या दिवशी किंवा सत्ताविसाव्या दिवशी काही केलं होतं का. आणि माणसाचं आयुष्य त्याच्या स्वतःच्या पत्रिकेतून बघायचं असतं, मुलीच्या नाही. तुम्हाला थोरला भाऊ आहे, त्याचं नक्षत्र रोहिणी, असं तुम्हीच लिहिलंय. त्याचेही वडील त्याच दिवशी गेले. त्याच्या रोहिणीला कुणी जाब विचारला?

सासूचं प्रकरण तर त्याहून सोपं आहे. मुहूर्तचिंतामणीच्या विवाहप्रकरणात तो नियम आहे: आश्लेषावर जन्मलेले सासूला, मुळावर जन्मलेले सासऱ्याला. पण मूळ श्लोकात शब्द 'कन्यासुतौ' आहे, म्हणजे मुलगी आणि मुलगा, दोघंही. आश्लेषाच्या मुलाला 'आमच्या मुलीच्या आईला बाधेल' म्हणून नकार दिल्याचं एक तरी उदाहरण मला कुणी आणून दाखवावं. नियमाचा अर्धा भाग लोकांनी सोयीने विसरून टाकला आणि उरलेला अर्धा मुलींच्या गळ्यात बांधला. शिवाय मूळ, आश्लेषा आणि ज्येष्ठा मिळून सत्तावीसपैकी तीन नक्षत्रं, म्हणजे दर नऊ मुलींमागे एक. कोकणात इतक्या सुना घरोघर नांदतायत आणि सासवाही ठणठणीत आहेत, बऱ्याच ठिकाणी गरजेपेक्षा जास्त.

बघा ना, पावसाच्या नक्षत्रांत आपण असं काही करत नाही. ऑगस्टच्या तीन तारखेच्या आसपास सूर्य आश्लेषात जातो, सतरा तारखेच्या सुमारास मघेत. लावणी आटोपलेली असते, बेणणी चाललेली असते, नागपंचमी-नारळी पौर्णिमा त्याच दिवसांत येतात. आश्लेषाचा पाऊस पडला नाही तर शेतकरी डोक्याला हात लावतो. तो पाऊस पापी आहे असं म्हणत नाही. तेच नक्षत्र, फक्त तिथे सूर्य बघतात आणि जन्माला चंद्र.

ज्योतिष न मानणाऱ्यांचं म्हणणं सांगतो म्हणालो होतो. २००८ मध्ये पुण्यात जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी चाचणी घेतली होती. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका. त्यातल्या चाळीस पत्रिका प्रत्येक ज्योतिषाकडे दिल्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली, बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर पन्नास आली असती. आमच्या धंद्यातले बरेच लोक या चाचणीचं नाव काढलं की चिडतात. मला वाटतं, ती ध्यानात ठेवावी आणि आपल्या तोंडातून निघणाऱ्या वाक्याचं वजन त्याप्रमाणे ठेवावं. समोरचं मूल हुशार आहे की नाही हे ज्या शास्त्राला पत्रिकेवरून खात्रीने सांगता आलं नाही, त्याच्या जोरावर मागच्या जन्मीचा गुन्हा सांगून कर्ज काढायला लावणं मला पटत नाही.

उपायाचं म्हणाल तर आईंचं मन नुसत्या गणिताने शांत होणार नाही, हे मलाही कळतं. नागबळी हा शास्त्रात सांगितलेला विधी आहे, त्याच्याबद्दल मला काही बोलायचं नाही. तुमच्या पत्रिकेत त्याचं कारण मला दिसत नाही एवढंच. मनाला हवंच असेल तर येत्या नागपंचमीला वारुळाची पूजा करा, वाडीतला एखादा कोपरा राखणदाराच्या नावाने न तोडता ठेवा, गुरवाकडून देवळात गाऱ्हाणं घालून नारळ ठेवा. जननशांती झालीच नव्हती असं निघालं तर ती घरच्या घरी, गावच्या भटजींकडून साधेपणाने होते. ज्या कर्मविपाकाचा धाक तुम्हाला घातला गेला, त्या पोथीतले जप आणि श्रवण हे उपायही असेच घरात बसून होणारे आहेत.

स्थळांशी बोलताना एक काळजी घ्या. गुणमेलन करताना दोघांच्याही पत्रिका एकाच पंचांगाच्या हव्यात. मुलाची चित्रापक्षाची आणि तुमची टिळक पंचांगाची लावली तर येणारा आकडा निरर्थक असतो. तुमच्यात नाडी आणि गण दोन्हीकडे सारखेच आहेत, अंत्य आणि राक्षस. पण रास कर्केची सिंह होते, त्यामुळे वर्ण, राशिस्वामी आणि भकूट बदलतात, योनी बदलते. अठराचे चोवीस किंवा चोवीसचे पंधरा व्हायला एवढं पुरतं.

शेवटी तुम्ही जरा संकोचानेच विचारलंय, की आश्लेषाची गोष्ट न काढता फक्त आजोबांची पत्रिका पुढे केली तर चालेल का. खोटं ठरणार नाही, कारण ती पत्रिका खरी आहे. तरीही करू नका. मुलाकडचे तुमची जन्मतारीख आणि वेळ ॲपमध्ये टाकणारच, आणि लग्नानंतर सासूबाईंना साधा ताप आला तरी 'लपवलंत' हा शब्द येईल. नक्षत्रापेक्षा तो जड पडतो. दोन्ही पत्रिका द्या, प्रत्येकीच्या वर पंचांगाचं नाव लिहा आणि तळाशी एक ओळ टाका: 'टिळक पंचांगानुसार मघा १, चित्रापक्षानुसार आश्लेषा ४'. विचारलं तर वरचा चार अंशांचा हिशेब सांगा. हे ऐकून घेणारी घरं आहेत, माझ्याकडेच येतात.

आता मला एवढं पाठवा: दवाखान्याची नोंद मिळाली तर ती वेळ, आणि शिक्षण, नोकरी, घर बदलणं, मोठं आजारपण यांतली जी वर्षं पक्की आठवतात ती. मजकूर नको, वर्षं पुरेत. आज तुम्हाला एका मोजणीने शुक्रात बुध चालू आहे, दुसरीने रवीत गुरू. विवाहाच्या दृष्टीने दोन्ही वाईट नाहीत, पण महिने वेगळे पडतात. लग्नरास पक्की झाली की कुठली दशा तुम्हाला लागू पडते ते सांगेन.